बर्फाच्या कारखान्यातला पाडवा

लग्नाला सहा महिने झाले आणि नवरा खोटं बोलायला लागला. माझं वय एकसष्ट, त्यांचं पासष्ट, दोघांचंही हे दुसरं लग्न. या वयात फसवून घ्यायला मी काही सावर्ड्याहून रत्नागिरीला नांदायला आले नव्हते.

नरकचतुर्दशीला आत्माराम म्हणाले, "हेदवीला गणपतीला जाऊन येतो." संध्याकाळी परतले ते सदऱ्याला मासळीचा वास घेऊन. लक्ष्मीपूजनाला पुन्हा हेदवी. पिशवीत डोकावले तर आत लोकरीचा स्वेटर! ऑक्टोबरात, जेव्हा पंख्याखाली बसूनही घाम थांबत नाही.

पाडव्याला मी रांगोळी काढली, पाट मांडला, निरांजन तयार केलं. आमचा पहिलाच पाडवा. न्हाऊन बाहेर येते तर हे पिशवी घेऊन रिक्षात बसताना दिसले. माझं टाळकंच सटकलं. ओवाळणीचं ताट फडक्यात बांधलं आणि दुसरी रिक्षा पकडली. म्हटलं, कोण आहे ती, एकदा बघूनच घेते.

त्यांची रिक्षा बंदरावर, बर्फाच्या कारखान्यापाशी थांबली. मागोमाग जाऊन मी दार ढकललं. आत यंत्राची अशी घरघर, की माझं मलाच ऐकू येईना. आणि बर्फाच्या लाद्यांशेजारी तीन म्हातारे स्वेटर-मफलर घालून झब्बू खेळत बसलेले. आमचे हे, कारखान्याचा वॉचमन लवू आणि गंगाराम. तिघेही फौजेतून निवृत्त, एकाच पलटणीतले.

"तू कशाला आलीस गो?" हे ओरडले.

"तुमची हेदवी बघायला!" मीही ओरडले.

लवूच माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "वैनी, श्रीलंकेत आमची पुढची गाडी सुरुंगावर गेली. चौघे होते आत. तेव्हापासून फटाका वाजला की आमचा काय खरा नाय. हा तर पलंगाखाली शिरतो. हितं मशीनपुढे काय ऐकू येत नाय, म्हणून दरवर्षी दिवाळी हितंच."

"तिला कशाला सांगितलंस?" ह्यांचा चेहरा उतरला. "आता जाईल सावर्ड्याला. पलंगाखाली शिरणारा नवरा कुणाला हवा?"

मला भडभडून आलं आणि रागही आला. सहा महिने हा माणूस फटाक्यांपेक्षा मला घाबरत होता!

"कुकरची शिट्टी व्हायची वेळ झाली, की मी तुम्हाला तुळशीला पाणी घालायला धाडते," मी ओरडूनच म्हटलं, "ते काय तुळशीला तहान लागते म्हणून?"

गंगाराम इतका हसला की त्याच्या हातातले पत्ते सांडले.

मग मी त्यांना तिथेच, बर्फाच्या लादीवर पोतं टाकून बसवलं आणि ओवाळलं. ताटात टाकायला त्यांच्याजवळ काहीच नव्हतं. खिशातून कानात घालायचा कापूस निघाला, तोच त्यांनी ठेवला. लवूची बायको मुलाकडे मुंबईला राहते, गंगारामची कधीच देवाघरी गेली. दोघेही भलतीकडेच बघत होते.

"उद्या भाऊबीज," मी त्यांना म्हटलं. "दाढ्या करून बसा. आणि कापूस चालणार नाही."

मी निघायला वळले, तर ह्यांनी स्वेटर काढून माझ्या खांद्यावर टाकला आणि बाजूला सरकून पोत्यावर जागा केली. मग पत्ते पिसले आणि चार जणांत वाटायला घेतले.