छान म्हणेल तिने चहा करायचा

मित्रांनो, मी जुनी आहे, लाकडी आहे आणि माझ्या अंगात एकही खिळा नाही. हैदराबादेत मला रेहल म्हणतात. मिटली की मी साधी फळी दिसते. उघडली की फुलीसारखी जमिनीवर उभी राहते आणि पुस्तक मांडीवर घेते. माझे काम एवढेच. मला वाचता येत नाही, पण वाचणाऱ्याचा चेहरा माझ्याइतका जवळून कोणी पाहत नाही.

पत्थरगट्टीच्या मागच्या एका गल्लीत माझा जन्म झाला. म्हाताऱ्या सुताराने एक फळी घेतली, दोन्ही टोकांकडून चिरत आणली आणि मधला सांधा त्याच लाकडात कोरला. माझ्या बरोबरीच्या रेहली धर्मग्रंथांसाठी गेल्या. मला उचलले ते कमलताईंनी. त्या चिक्कडपल्लीत राहत आणि मराठी शाळेत शिकवत. त्यांनी मला उघडले, मिटले, कुठे डिंकाने चिकटवले आहे का, ते उलटे करून पाहिले.

"सरेस लगाए क्या इसमें?"

"एकीच लकडी है, अम्मा. जोड नै इसमें."

"सब ऐसाइच बोलते," असे म्हणून ताईंनी माझ्या सांध्यात नख घालून पाहिले. त्यांचा विश्वास बसला नाही, तरी मला घरी नेले. त्यांच्या प्रेमाची रीतच तशी होती, हे मला पुढे समजले.

माझी जागा स्वयंपाकघरात, विळीसमोर ठरली. ताईंचे हात कधी रिकामे नसत. अंबाडी निवडायची, चिंच साफ करायची, दाणे सोलायचे. वाचायला उरत ते फक्त डोळे. पुस्तक मी धरायचे, पानाला कपड्यांचा चिमटा लावायचा आणि ताईंनी अंबाडीचे एकेक पान खुडत लेखकाची उलटतपासणी घ्यायची.

"चारशे पानं झाली, एकाही माणसाला साधी सर्दी झालेली नाही," त्या मोठ्याने म्हणत. "ही माणसं खरी नव्हेत."

एखादी कादंबरी असे. "हिच्यातल्या बाया सारख्या खिडकीशी उभ्या. ह्यांच्या घरी गॅसवर काही ठेवलेलं नसतं का?"

पण त्यांचा खरा राग आत्मचरित्रांवर होता. त्या काळात त्यांना पूर आला होता. निवृत्त साहेब लिहीत, कारखाना काढलेले लिहीत, अमेरिकेला जाऊन आलेलेही लिहीत. ताई पहिले पान उघडत आणि डोळे बारीक करत.

"पुस्तक आईला अर्पण केलंय. बरं. आता पुढे आईचं नाव कुठे सापडतं का बघू." मग शेवटचे पान मिटताना म्हणत, "नाही सापडलं. आणि ह्याच्या घरी अंबाडी कोण निवडत होतं, तेही नाही."

त्यांचे पती बाळकृष्णराव न्यायालयात नोकरीला होते. ते दारातून म्हणत, "अगं, आमच्याकडे आरोपीला वकील तरी मिळतो."

"अहो, तुमचा आरोपी स्वतःच्या पैशानं खोटं छापून विकत नाही."

लेक केतकी तिथेच बसून गृहपाठ करायची आणि हसायची. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते.

हैदराबादेत मराठी पुस्तक सहज मिळत नसे. पुण्याहून कोणी आले की त्याच्या पिशवीत कपड्यांखाली ते यायचे. म्हणून ताईंनी पुस्तकभिशी सुरू केली. महिन्याला एका घरी जमायचे, प्रत्येकीने आपले पुस्तक परत आणायचे, त्यावर मत द्यायचे आणि दुसरे न्यायचे. मत नाही, तर पुढचे पुस्तक नाही. पुस्तके जपायची म्हणून सगळ्यांना जुन्या तेलुगू वर्तमानपत्राचे कव्हर घातले जाई आणि नाव पाठीवर शाईने बारीक लिहिले जाई. त्यामुळे भिशीतली सगळी पुस्तके एकाच शाळेच्या गणवेशातल्या मुलांसारखी दिसत.

ताईंचा आणखी एक नियम होता. नुसते 'छान आहे' म्हणायला मनाई. जी छान म्हणेल तिने सगळ्यांना चहा करायचा.

"छान म्हणजे वाचलं नाही," ताई सांगत. सुजाता नावाची एक जुनी हैदराबादी मैत्रीण होती. तिने या नियमापायी इतका चहा केला, की मला वाटते चिक्कडपल्लीतल्या कुठल्याही टपरीवाल्याने तिला कामावर ठेवले असते. सुजाताला ते कुठेतरी लागत असावे. "तुम्हीसुद्धा कधीतरी सापडाल, कमलताई," ती म्हणायची. "त्या दिवशी मी दोन कप पिणार."

मग दिवस पालटले. बाळकृष्णराव गेले. त्यांनी टेलिफोनसाठी वर्षानुवर्षांपूर्वी अर्ज केला होता. फोन आला तो ते गेल्यावर. केतकी लग्न होऊन विद्यानगरला राहायला गेली होती. छपरावर केबलची तार आली आणि भिशीतल्या दोघीतिघी मालिकांच्या वेळेचे कारण सांगून गळाल्या. उलट पुण्याहून नवऱ्याच्या कॉम्प्युटरच्या नोकरीमुळे आलेली अनुराधा हिमायतनगरातून नव्याने येऊ लागली.

त्याच सुमारास मला संशय येऊ लागला.

ताई माझ्यासमोर बसत, पुस्तक ठेवत, चिमटा लावत. पण पान उलटत नसे. अंबाडीची जुडी संपे, तरी तेच पान. मग त्या उठून फोनकडे जात.

"अगं अनुराधा, तू वाचलंस ना ते? तुला काय वाटलं गं? नाही, नाही, माझं नंतर. तू आधी सांग."

मला वाटले, हा फोनच घरभेदी आहे. गप्पांची गोडी लागली आणि पुस्तकाची गेली. कधी मी टीव्हीवर संशय घेई. शिवाय ताई पुस्तकाकडे सरळ पाहीनाशा झाल्या होत्या. मान जराशी वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत. भिशीत त्यावर हशा पिकला.

"बघा बघा," सुजाता म्हणाली, "आता तर पुस्तकाकडे बघतात पण तिरकंच. उघडायच्या आधीच संशय!"

ताईही हसल्या. त्या हल्ली फार हसत. त्यांची मते मवाळ झाली होती. कोणाचे वर्णन सुरेख असे, कोणाचा शेवट समाधानाचा. केतकी रविवारी आली की आईकडे बघत राही. "आई, तुला हे आवडलं? तुला?" ती विचारायची.

"वय झालं आता. किती भांडायचं लेखकांशी?"

केतकीच्या कपाळावर मला आईचीच आठी दिसे.

भिशी ताईंकडे होती त्या दुपारी मला बैठकीच्या खोलीत सतरंजीवर मांडले होते. केतकीही मदतीला आली होती. ताईंनी आपले पुस्तक माझ्यावर ठेवले, मान किंचित वळवली आणि बोलू लागल्या.

"नायिका जिवंत उतरलीय. शेवटी ती माहेरी परत जाते, ते मला पटलं. आणि नदीकाठचा प्रसंग तर... छान आहे."

सुजाताने पुढे वाकून माझ्यावरचे पुस्तक उघडले.

"कमलताई, हे तर त्या पाटबंधाऱ्याच्या इंजिनिअरचं आत्मचरित्र आहे. धरणावर कुठली आली नायिका?"

सगळ्या हसल्या. अनुराधा तेवढी हसली नाही. ताईंनी आत्ता उच्चारलेले शब्द तिचेच होते, फोनवर तिने सांगितलेले. ताईंनी विचारले होते कादंबरीबद्दल आणि घरी होते ते धरणाचे पुस्तक. दोन्हींवर तेच तेलुगू वर्तमानपत्र होते.

"म्हणजे वाचलंच नाही? तुम्ही?" सुजाता टाळी वाजवून म्हणाली. "वा! टाका आता चहा. माझे दोन कप."

"हौ, टाकते," ताई म्हणाल्या आणि उठल्या. त्या दारापर्यंत सरळ गेल्या. कशालाही अडखळल्या नाहीत. चहाही नेहमीसारखाच झाला. म्हणून कोणाला काही कळले नाही. सगळ्यांनी समजून घेतले, की कमलताई आता इतरांसारख्याच झाल्या.

बायका गेल्यावर केतकी मला पुस्तकासकट उचलून स्वयंपाकघरात घेऊन आली.

"आई, हे वाच."

"चष्मा आणते."

"चष्मा तुझ्या डोळ्यांवर आहे."

ताई खाली बसल्या. विळी बाजूला सरकवली.

"मधलं जातं गं. कडेकडेचं दिसतं. दार दिसतं, पातेलं दिसतं. अक्षराकडे बघितलं की अक्षर जातं." त्यांनी मान वळवली. "अशी बघितली तर तू आहेस. समोर बघितलं की नाहीस."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं, तर भिशीतून गेले असते. पुस्तकं दुसरीकडे फिरली असती आणि माझ्याकडे नुसती विचारपूस आली असती."

मित्रांनो, तेव्हा मला उमगले. त्यांची ती तिरकी नजर संशयाची नव्हती. पुस्तकाची उरलेली कड त्या गोळा करत होत्या.

केतकी त्यांना एका नव्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. परत आल्यावर ताई म्हणाल्या, "केवढा तो संगमरवर. मला आधीच संशय आला, इथे बरं करत नसणार." संशय खरा ठरला. डोळ्याचा पडदा मधोमध झिजला होता आणि त्यावर तेव्हा उपाय नव्हता. केतकी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. ताई म्हणाल्या, "उभी काय राहिलीस? धरणाचं पुस्तक वाच. बघू तरी तो काय म्हणतो."

केतकीने वाचायला सुरुवात केली. तिसऱ्याच पानावर ताईंनी तिला थांबवले.

"पाण्याखाली गेलेल्या गावांची नावं देतो का?"

"नाही. पाहुण्या मंत्र्यांची दिलीत."

"वाटलंच मला," ताई म्हणाल्या आणि त्यांचे हात पुन्हा भराभर अंबाडी निवडू लागले.

पुढच्या भिशीत त्यांनी स्वतःच सांगितले, "मला आता वाचता येत नाही. केतकीनं वाचलं, मी ऐकलं. मत माझं आहे. कोणाला शंका?" मग त्या इंजिनिअरची अशी तपासणी झाली, की चहा करायची वेळ कोणावरच आली नाही. सुजाता मान खाली घालून बसली होती. निघताना ताईंपाशी येऊन म्हणाली, "गुरुवारी मी येते वाचायला. नक्को म्हणू नका."

ती दर गुरुवारी येई आणि सगळ्या पात्रांचे आवाज काढून वाची. ताई मधेच हात वर करत. "हे पुस्तकातलं का तुझं?"

"पुस्तकातलंच!"

"लेखक 'अय्यो' लिहितो? पुण्याचा लेखक?"

"थोडं माझं," सुजाता कबूल करी, आणि दोघी हसत.

अशी काही वर्षे गेली. शेवटचे पुस्तक एका बाईच्या आठवणींचे होते. तिची आई आजारी पडून गेली, त्याबद्दलच्या. ताईही तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या. मला खाटेशेजारच्या स्टुलावर ठेवले होते. वाचता वाचता केतकीने एक पान पटकन उलटले.

"गाळलंस," ताई म्हणाल्या.

"नाही."

"पान लवकर वाजलं. मागे जा."

केतकी मागे गेली. आवाज न बदलता वाचत राहिली. ताईंनी सगळे ऐकून घेतले.

"ही लेक फार रडते," त्या म्हणाल्या. "आई शेवटी काय बोलत होती, ते सोडून स्वतः किती रडली ते सांगते. मला हिचा भरवसा वाटत नाही."

"दुःख झालं असेल, आई."

"झालंच असेल. म्हणून काय आईला पुस्तकाबाहेर काढायचं?" मग मान वळवून त्यांनी केतकीला डोळ्याच्या कोपऱ्यात घेतले. "तू असलं लिहू नकोस."

त्या हिवाळ्यात ताई गेल्या. पुस्तकाची थोडी पाने राहिली होती. चिमटा तिथेच राहिला.

केतकीने मला विद्यानगरला नेले. तिची मुलगी रसिका कॉम्प्युटरच्या क्लासला जायची. तिने माझ्यावर आपली जाडजूड इंग्रजी पुस्तके ठेवली, मग नुसत्याच वह्या, मग इस्त्रीचे कपडे. माझ्या कोरीव नक्षीत धूळ बसली. मी तक्रार करत नाही. मी तेवढ्यासाठी हे सांगायला बसलेली नाही.

एका दुपारी केतकीने कपडे उचलले, मला ओल्या फडक्याने पुसले आणि ते वर्तमानपत्री कव्हरचे पुस्तक माझ्यावर ठेवले. चिमटा काढून ती उरलेली पाने मोठ्याने वाचू लागली. मधे मधे ती थांबे. कोणी हात वर करेल म्हणून थांबावे, तशी. कोणी हात वर केला नाही. तिने शेवटचे पान वाचून पुस्तक मिटले.

आतल्या खोलीतून रसिकाने विचारले, "मम्मी, कसं आहे बुक?"

"छान आहे," केतकी म्हणाली.

आतली खुर्ची सरकली. रसिका दारात आली. तिला मराठी अडखळतच वाचता येई, पण आजीची ती नात होती. तिने आईकडे नीट निरखून पाहिले.

"छान? तू नुसतं छान म्हणालीस?" ती माझ्या समोर मांडी घालून बसली. "चाय मी करते. आधी खरं सांग."

केतकीचा चेहरा मी जवळून पाहिला. काय दिसले ते मी सांगणार नाही. ताईंना आवडले नसते. पण ती बोलू लागली. पुस्तकातल्या बाईबद्दल नव्हे, आपल्या आईबद्दल. आई काय काय बोलली, ते सगळे सांगितले. आईचे नाव घेऊन सांगितले. रसिका अंधार पडेपर्यंत उठली नाही, आणि चहा राहूनच गेला.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसून ठेवा, असे तुम्हाला सगळेच सांगतात. तेही करा, धुळीने माझा सांधा धरतो. पण तुमच्या घरात प्रत्येक गोष्टीवर वाद घालणारे, नाक मुरडणारे, कशावरही चटकन विश्वास न ठेवणारे कोणी असेल आणि ते एक दिवस सगळ्याला छान म्हणू लागले, तर सुटलो म्हणून खूश होऊ नका. संशय घ्या. जवळ जाऊन बसा. आणि एखादे पुस्तक असेल, तर ते माझ्यासारख्या कोणावर तरी उघडून ठेवा आणि मोठ्याने वाचा. एकही पान न गाळता.