इंजिनाला पाणी कोणी पाजायचं

दिग्रसच्या पुंडलिकरावांकडे कापसाची जिनिंग होती, दोन विहिरी होत्या आणि एक मोटार होती. मोटारीला त्यांनी लढाईच्या भंगारातला एक पंखा बसवून घेतला होता. तो गाडीच्याच धुराने फिरायचा आणि इंजिनाच्या घशात हवा कोंबायचा. सपाटीवर गाडी एसटीला मागे टाकायची. पुसदच्या घाटात मात्र इंजिन असं खाडखाड ठोकायचं, की आत कोणी कोंडलंय आणि दार उघडा म्हणतंय असं वाटावं.

"तिले पाणी पाजा," वस्तीतला धर्मपाल म्हणाला. लढाईत तो विमानांच्या वर्कशॉपात होता. "लय हवा कोंबली की आत आग भडकते. हवेसंगं पाण्याचा फवारा सोडा, ठोकणं बंद होते आन् जोर वाढते. इमानं पाणी पेत होते, मालक. ही तं नुसती मोटार आहे."

पुंडलिकरावांनी शब्द दिला. घाट न ठोकता चढला, तर धर्मपाल जिनिंगच्या इंजिनावर कायमचा फिटर. बौद्ध झाल्यापासून त्याला गावात कोणी काम देत नव्हतं. त्याची बायको प्रभावती म्हणाली, "या टायमाले जीभ आन् हात, दोनी खिशात ठेवजा." धर्मपालच्या सदऱ्याला एकच खिसा होता.

त्याने पितळी डबा बसवला, त्यातून इंजिनापर्यंत नळी नेली आणि पुढच्या सीटपाशी तोटी लावली. मग प्रश्न निघाला. डबा पितळेचा, पाणी मालकाच्या विहिरीचं आणि हात धर्मपालचे. भटजींना बोलावलं. त्यांनी दोन कप चहा घेऊन निर्णय दिला, "अग्नीत गेलं की सगळं शुद्ध. म्हणजे इंजिनात गेल्यावर दोष नाही. त्याआधी आहे." डबा राखेने घासला. तोटी मालकाच्या भाच्याने, घनश्यामने, फिरवायची ठरली. गाडीच्या मागे निघणाऱ्या धुराला धर्मपालने खुशाल हात लावावा, त्याला भटजींची हरकत नव्हती.

"चढावर उघडजा," धर्मपालने घनश्यामला सांगितलं. "इंजिन बंद करायच्या आंधी तोटी बंद. नाही तं डब्यातलं पाणी इंजिनात उतरते, आन् मंग इंजिन फिरवलं की फुटते."

"समजलं," घनश्याम म्हणाला. शाळेतही तो असंच म्हणायचा.

घाट चढला. इंजिन एकदाही ठोकलं नाही. ड्रायव्हर देवसिंगने इंजिन चालू आहे ना म्हणून दोनदा घाबरून खाली पाहिलं. धर्मपाल मागे कॅरियरवर, सामानाशेजारी बसला होता. पुंडलिकराव मान वळवून म्हणाले, "उद्यापासून ये."

ही नोकरी माथ्यावरच्या मारुतीपर्यंत टिकली.

तिथे इंजिन बंद करून तिघे नारळ घेऊन देवळात गेले. तोटी उघडीच राहिली. डब्याला पातळी दिसायला लावलेल्या काचेच्या नळीतलं पाणी उतरताना धर्मपालला खिडकीतून दिसलं. त्याने हाक मारली. आत घंटा वाजत होती. पायऱ्या चढायची पूर्वी त्याला मनाई होती आणि आता त्याने स्वतःच देव न पूजायची शपथ घेतली होती, त्यामुळे तो नेहमीच्याच जागी, खाली उभा राहिला. पुन्हा हाक मारली. पुन्हा घंटा. मग त्याने खिडकीतून हात घालून तोटी बंद केली, आणि पुंडलिकराव प्रसाद घेऊन बाहेर आले.

"हात लावला?"

"तोटी उघडी होती, मालक. इंजिन फुटलं असतं."

"मी काय विचारून राह्यलो?"

"लावला."

पुंडलिकराव चिडले नाहीत. ते तत्त्वाचे माणूस होते, त्यामुळे चिडायची सोय नव्हती. पाणी सांडून डबा घासायचा आणि देवळाच्या विहिरीचं नवं पाणी भरायचं, असं त्यांनी घनश्यामला सांगितलं. डबा काढायचा कंटाळा म्हणून घनश्यामने तोटीच पूर्ण उघडली. सगळं पाणी इंजिनात गेलं.

"प्लग काढून पाणी काढा," धर्मपाल म्हणाला. "आता इंजिन फिरवू नका."

"प्लगलेही हात लावतं काय बे?"

"देवसिंगभाऊ काढतीन. मी दुरून सांगतो."

"देवसिंग, चालू कर."

स्टार्टर एकदा कण्हला आणि गप्प झाला. पुंडलिकरावांनी गाडी पुढच्या उतारावर सोडायला लावली. वेग आल्यावर देवसिंगने गिअर टाकला. असा आवाज झाला की मारुतीची माकडंही झाडावरून उतरून पाहायला आली. इंजिनाच्या कुशीला भगदाड पडलं होतं. देवसिंगने रस्त्यावरून लोखंडाचा एक तुकडा उचलला. "मालक, हे आतलं आहे."

"पाह्यलं?" पुंडलिकराव म्हणाले. "याचा हात लागला आन् गाडी मेली."

घनश्यामने लगेच मान डोलावली.

"वस्तीतले मानसं आण," पुंडलिकरावांनी धर्मपालला फर्मावलं. "गाडी ओढत दिग्रसले न्या. मंग नोकरीचं पाहू."

गावातली मेलेली ढोरं ओढणं वस्तीने दीक्षेच्या दिवशीच सोडलं होतं. धर्मपालने गाडीकडे पाहिलं.

"मेलेलं ओढणं सोडलं आमी, मालक."

"नोकरी जाईन."

"गेली म्हना."

तो चालू लागला. मागून आलेल्या एसटीला त्याने हात केला. ती थांबली नाही.

पुंडलिकरावांनी तिथल्या तिथे घनश्यामला फिटर केलं आणि पहिलं काम म्हणून त्याच्या खांद्याला दोर बांधला. देवसिंगला मागून ढकलायला लावलं. दिग्रसच्या बाजूला आता चढ होता.

थोड्या वेळाने घनश्याम धापा टाकत म्हणाला, "मामाजी, तुमी जरा उतरता का?"

"कायले?" पुंडलिकराव आतून म्हणाले. "गाडी माही आहे."