राखीव पोराची पाळी

इन्सॉपच्या आईच्या खाणावळीत त्या दुपारी गिऱ्हाइकाला जागाच नव्हती. आम्ही दोघी आया, गल्लीतले शेजारी आणि भिंतीवरचा टीव्ही. आशियाई स्पर्धेतली सेबर तलवारबाजीची सांघिक अंतिम लढत, समोर जपान. तिचा इन्सॉप आमच्या देशाच्या संघाचा कप्तान. माझा बोम्सू चौथा, म्हणजे राखीव. इतरांचे घामाचे टॉवेल सांभाळणारा.

सुवर्ण मिळालं की पोरांची सैन्यातली सक्तीची नोकरी माफ. सैन्यात जाणं पुढे ढकलायचं इन्सॉपचं वय संपत आलेलं, ही शेवटचीच संधी. नाहीतर हिवाळ्यात बोलावणं, आणि दीड वर्षानं परत येऊन त्या दुखऱ्या गुडघ्यावर पुन्हा तलवार उचलणं काही होणार नव्हतं. राखीव पोराला मात्र तेव्हा आणखी एक अट होती: त्यानं एकदा तरी लढतीच्या पट्टीवर उतरायला हवं. नुसतं बाकावर बसलं, तर गळ्यात पदक आणि खांद्यावर बंदूक, दोन्ही त्याच्याच वाट्याला.

म्हणून आमच्याकडे रीतच पडून गेली होती. आघाडी भक्कम झाली की राखीव पोराला एका फेरीपुरतं आत सोडायचं. बोलायचं कुणी नाही, करायचं सगळ्यांनी.

नऊपैकी सात फेऱ्या झाल्या. आमचे पस्तीस, जपानचे सव्वीस. आधी पंचेचाळीस करील तो जिंकला.

"आता उतरव की आपल्या बोम्सूला!" इन्सॉपची आई पडद्यावरच्या कोचवर ओरडली. "मेल्या, मुहूर्त बघतोस काय?"

"राहू दे ताई," मी म्हटलं. "आधी जिंकू तर देत."

"तू गप्प बस गं. चौघं गेलेत, चौघंही मोकळे होऊन येतील."

पडद्यावर इन्सॉप कोचच्या कानाशी लागला. मग त्यानं बोम्सूच्या हातातला टॉवेल ओढून घेतला आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. मी रडले, तेही खुशीनं.

बोम्सू सकाळपासून बसून होता, अंग गार पडलेलं. पहिला वार हुकला. दुसराही.

"होतं असं," शेजारचे आजोबा म्हणाले. "हात बसायला वेळ लागतो."

सेबरमध्ये पापणी लवेपर्यंत गुण जातो. हात बसायला वेळ कोण देतंय? चालू फेरीत खेळाडू बदलताही येत नाही, आणि आठवी फेरी कुणाचे तरी चाळीस झाल्याशिवाय संपत नाही. आमचा छत्तिसावा गुण आला तोवर जपानचे चाळीस झाले. शेवटच्या फेरीत इन्सॉपनं जीव तोडून त्रेचाळीसपर्यंत ओढत आणलं. जपानचे पंचेचाळीस आधी झाले, संपलं.

टीव्ही कुणीतरी बंद केला. इन्सॉपची आई उठली, उतू जाणाऱ्या रश्श्याखालचा गॅस बारीक केला आणि सगळ्यांना वाढायला घेतलं. माझ्या वाडग्यात मांस जास्त घातलं.

"खा. तुझ्या पोराचा काही दोष नाही."

तिनं शिवी दिली असती, तर मी जेवले असते.

हिवाळ्यात इन्सॉपला पोचवायला आम्ही नोन्सानच्या सैन्यभरतीच्या छावणीवर गेलो. बोम्सू टोपी घालून मागे मागे चालत होता. फाटकाशी त्यानं ती काढली. डोकं भादरलेलं. कुणाला न सांगता त्यानं भरतीची तीच तारीख मागून घेतली होती.

इन्सॉप बघतच राहिला. "गाढवा, तुला पुढची स्पर्धा होती! माझी नसली तरी तुझी होती ना!"

"पट्टीवर पाय ठेवला की तीच फेरी आठवते, दादा. तलवार धरवत नाही."

"मग मी कशासाठी उतरवलं तुला?"

बोम्सू टोपीची घडी घालत राहिला. कर्ण्यावरून हुकूम आला: आईबापांना नमस्कार करा. पोरांच्या रांगा थंड मैदानावर गुडघे टेकून वाकल्या. माझा मुलगा माझ्याकडे वळला नाही. तो इन्सॉपच्या आईसमोर वाकला, कपाळ जमिनीला लावून.

ती त्याला ऊठ म्हणाली नाही. मलाही म्हणवलं नाही. इन्सॉप मागे न बघता आत गेला, रांगा पुढे सरकल्या, आणि बोम्सू तसाच वाकलेला होता.