आधी तो हटू दे

दोन जावा एका घरात असल्या की भांड्याला भांडं लागतंच. या दोघींचं जाळ्याला जाळं लागत होतं. थोरली कित्येक वर्षं गोड्या पाण्यातल्या माशांच्या पाहणीवर होती. धाकटी लग्न होऊन घरात आली ती पाहणीतही आली, आणि पहिल्याच दिवशी गुडघाभर पाण्यात जांभई देत उभी असताना तिच्या जाळ्यात असा मासा शिरला, जो थोरलीला आजवर फक्त पुस्तकात भेटला होता.

"ताई, हा चांगला असतो का हो?"

"बरा असतो," थोरली म्हणाली. तिचा जळफळाट गुडघाभर पाण्यातही विझेना.

आता गवताळ माळावरची डबकी पाहून होत आली होती. पुढे समुद्राकाठचे ओढे. तिथल्या बोटीत जाळं टाकणाऱ्याला जागा एकच. पाहणीच्या प्रमुखांनी सांगून टाकलं होतं, अहवालाच्या मुखपृष्ठावर जिचा मासा, बोटीत ती. आजवर ती जागा थोरलीची. बोटीच्या फळीला तिच्या बसण्याचा आकार आला होता.

शेवटच्या आटत्या डबक्यात धाकटीला बोटाएवढा एक नर मासा सापडला. पाहणीत कधीच न आलेल्या जातीचा. मासा मेला की रंग उडतो, म्हणून फोटो जिवंतपणीच काढायचा. पण काचेच्या पेटीत हा गडी चहाच्या चोथ्यासारखा पडून राहिला.

"हा मुखपृष्ठावर?" पाहणीचा फोटोग्राफर म्हणाला. "लोक डाग समजून पुसत बसतील."

धाकटीचा चेहरा उतरला. "ताई, काही सुचतंय का?"

सुचत होतं. अशा नराला आरसा दाखवला की दुसरा नर आला समजून तो पेटतो, हे थोरलीला पाठ होतं. "असतं एकेकाचं नशीब," ती म्हणाली आणि पिशवीतला आरसा आणखी खाली सारला.

मग फजिती जवळून बघावी म्हणून ती पेटीवर वाकली. डोळ्यांवर चकचकीत गॉगल. माशाला त्यात एकदम दोन नर दिसले.

मासा भडकला. पर ताठ, अंगभर निळं-तांबडं.

"हलू नका!" फोटोग्राफर ओरडला. थोरली दचकून मागे सरली. मासा पुन्हा चोथा.

"काकू, चेहरा परत आणा."

"चेहरा काय भाड्यानं दिलाय?"

"ताई, प्लीज ना," धाकटी म्हणाली.

नुसतं मागे उभं राहिलं असतं, तरी बोट थोरलीचीच होती. पण मासा काचेला नाक लावून तिच्याकडेच बघत होता. इतकं मनापासून तिच्यावर आजवर कुणी जळलं नव्हतं. धाकटीसुद्धा नाही, ती मेली उलट हिचा डबा भरून आणायची. आणि आता मागे सरलं, तर या पठ्ठ्याला वाटणार, बाई घाबरून पळाली.

थोरली वाकली. मासा पेटला. तिनं भुवया चढवल्या. त्यानं पर आणखी फुलवले.

फोटो निघाले. धाकटीची बोट पक्की झाली. फोटोग्राफरनं कॅमेरा गुंडाळला, तिवई मिटली.

"झालं काकू, उठा आता."

"आधी तो हटू दे," थोरली म्हणाली.