अहिल्येचा मिठाचा हात

डॉक्टरांनी घरी येऊन माझ्या बायकोचं, अहिल्येचं, ब्लडप्रेशर मोजलं तेव्हा दंडावरचा पट्टा फुगून असा फुटला, की आमच्या सोसायटीचा गार्ड सिलिंडर फुटला समजून शिट्टी फुंकत वर आला. खोटं वाटत असेल तर गाझियाबादला या. गार्ड अजून आहे, कानात कापूस घालून बसतो.

"मीठ निम्म्यावर आणा," डॉक्टर म्हणाले. अहिल्येने आणलं. लोणचं, पापड माळ्यावर गेले. सुरुवातीला आमटी प्यायलो की पाणी हे मला वाटीत डोकावून बघावं लागे. मग जीभ सुधारली. भेंडीसुद्धा गोड लागू लागली आणि कोपऱ्यावरचा समोसा चावला की नाकातोंडात समुद्र जायचा.

घोळ झाला तो गणपतीत. आमच्या मराठी मंडळाच्या महाप्रसादाची आमटी वर्षानुवर्षं अहिल्येचीच. पण त्या पातेल्यावर मंडळातल्याच भानुमतीबाईंचा डोळा होता.

"अहिल्याबाई, आता तुम्ही अळणी खाणाऱ्या," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "यंदा करा. पण बिघडली, तर पुढच्या वर्षी पातेलं माझ्याकडे."

"बिल्कुल," अहिल्या म्हणाली. घरी येऊन मात्र जेवली नाही.

नैवेद्य दाखवेपर्यंत चव घ्यायची नाही, हा आमच्याकडचा नियम. त्यामुळे मीठ नेहमीसारखं तिच्या अंदाजानेच पडलं. आरती झाली, आम्ही दोघांनी चाखली.

"फर्स्टक्लास!" मी म्हणालो. तीही खूश.

मंडळाचा सेक्रेटरी सुधन्वा वाढायला आला, त्याने बोट बुडवून चाटलं. "काकू... यार, मीठ विसरलात?"

अहिल्येने आपल्या हाताकडे पाहिलं. वर्षभरात तो मिठाच्या बाबतीत निम्मा झाला होता आणि आमच्या जिभाही त्याला सामील!

"घालू का पटकन? नैवेद्य तर झालाय," सुधन्वा म्हणाला.

तिने पंगतीकडे बघितलं. "नको. यातले निम्मे माझ्यासारखेच गोळ्या खातात. कमी असलं तर वरून घेता येतं, घातलेलं काढता येत नाही. ताटात डावीकडे मीठ वाढलंय ना? ते कशाला असतं?"

"काकू, पातेलं जाईल हं तुमचं."

"जाऊ दे. वाढ."

बायकोचं पातेलं वाचवणं माझं काम. मी पंगतीत उभा राहिलो. "मंडळी! ही आमटी हिमालयातल्या एका दीडशे वर्षांच्या साधूने मला स्वप्नात..."

"अहो, बसा खाली!" अहिल्या पळी घेऊन पुढे आली. "साधूबिधू कोणी नाही. आमटीत मीठ कमी आहे, माझ्या हातून पडलंय. कळल्यावरही मी वाढवलं नाही. हवं त्याने ताटातलं घ्यावं."

भानुमतीबाईंनी ताटातलं सगळं मीठ आमटीत कालवलं, भुरका मारला आणि ठसका लागून तांब्याभर पाणी प्यायल्या. यमुनेची पातळी उतरली म्हणतात त्या दिवशी.

शेजारी त्यांचे यजमान मान खाली घालून जेवत होते. त्यांच्या मिठाला बोट लागलं नव्हतं. वाटी रिकामी.

"वहिनी, आमटी," ते म्हणाले. मग पुन्हा, "वहिनी, अजून थोडी."

"अहो, घरी तर दुसऱ्यांदा मागत नाही तुम्ही!" भानुमतीबाई.

"घरी जेवलो की दुपारभर माठाशी उभा असतो मी. डॉक्टरांनी मलाही सांगितलंय. तुला कोण सांगणार?"

इतर कोणी चिमूटभर मीठ घेतलं, कोणी नाही. आमटी मात्र संपली. बाहेरचा कुत्रा पातेल्यात डोकावून, स्वतःचं तोंड बघून भुंकला.

हात धुताना भानुमतीबाई अहिल्येजवळ आल्या. "पातेलं राहू दे तुमच्याकडेच," त्या पुटपुटल्या. "पण ह्यांच्या आमटीत... किती घालू?"

अहिल्येने पदर खोचला. "उद्या सकाळी या स्वयंपाकाला. हातात घेऊन दाखवते."