अंगठ्याची जागा

मी एक जुना पुठ्ठ्याचा नमुना आहे. मित्रांनो, मला यंत्र समजू नका. माझ्यात तार नाही, चाक नाही. मूळचा मी दिव्याच्या काचेचं खोकं. उजेड जपून नेण्याची सवय लागलेली, म्हणून असेल, मला जागेपणीही स्वप्नं पडतात.

एका मुलीनं मला कापलं, चिकटवलं आणि माझ्या झाकणावर एक गोल रेखला. वस्तू माणसांना वापरायला सोप्या कशा कराव्यात, हे ती शिकत होती. गोल दाबला की त्या वेळच्या गोळ्या बाहेर याव्यात, असा तिचा प्रकल्प. प्रत्यक्षात टेबलामागे तिचा उंच वर्गमित्र अंग दुमडून बसे आणि कागदी खण पुढे सरकवी. त्याला सगळे उंट म्हणत.

"यंत्रानं शिंकायचं नाही," ती बजावे.

"यंत्राच्या पायाला मुंग्या आल्यात," खालून उत्तर येई.

हे सारं तिच्या आत्यासाठी होतं. आत्या एकटी राहत असे. नजर मंदावलेली, हात थरथरणारे. एकदा तिनं संध्याकाळच्या गोळ्या दोनदा घेतल्या आणि ती स्वयंपाकघरात कोसळली. तेव्हापासून मुलीचे वडील मागे लागले होते, "ताई, आमच्याकडे चल."

"तुझ्या घरी मी पाहुणी," आत्या म्हणे. "इथं मी माझी."

शेवटी ठरलं: यंत्राच्या मदतीनं गोळ्या नीट घेता आल्या, तर ताई इथंच राहील.

चाचणीसाठी मुलगी मला घेऊन माळ्याकडे गेली, ग्रंथपालांकडे गेली, शेजाऱ्यांकडे गेली. समोरचा अडला तरी सांगायचं नाही, नजरेनंही दाखवायचं नाही, हा तिच्या शिक्षणातला नियम. सुरुवातीला सगळेच चाचपडत. मग तिनं गोलाची रेघ जाड केली आणि हळूहळू कुणी अडेना. आत्याही अडली नाही. प्रत्येक अंगठा टेकला की मला पाण्यात खडा पडल्यासारखं वाटे. तरंग कडेपर्यंत जात. खरं तर नव्या चाचणीला नवा पुठ्ठा घ्यायला हवा होता. पण तिचा माझ्यावर जीव जडला होता.

माझ्यावरून खरं यंत्र तयार झालं. पांढरं, गुळगुळीत, जाड रेघेचा गोल असलेलं. ते आत्याच्या घरी नेलं, त्या दिवशी वडील दोन रिकाम्या बॅगा घेऊनच आले होते. आत्याचा अंगठा त्या पांढऱ्या झाकणावर फिरत राहिला, धुक्यात वाट चुकल्यासारखा.

"माझंच डोकं चालत नाही आता," ती म्हणाली.

वडिलांनी हळूच एका बॅगेची चेन उघडली. मुलीला सांगता आलं असतं. पण उद्या ती शेजारी नसणार होती. तिनं पिशवीतून मला काढलं आणि आत्याच्या हातात दिलं. अंगठा सरळ गोलावर गेला.

"याचं कसं कळलं, आत्या?"

"इथं खळगा आहे ना. हाताला लागतो."

मुलीनं डोळे मिटून माझ्यावरून बोट फिरवलं. माळ्याचा, ग्रंथपालांचा, किती जणांचा दाब तिथं साठला होता.

"म्हणजे रेघ नव्हे, आधीचे अंगठे वाट दाखवत होते," ती पुटपुटली. मग वडिलांकडे वळली. "बाबा, थोडे दिवस द्या."

तिनं नवं झाकण केलं, खळग्याचं. पुढच्या खेपेला आत्यानं खिडकीबाहेर बघत बघत गोळ्या काढल्या. वडिलांनी बॅगा घडी करून काखेत मारल्या.

"येत जा रविवारी," आत्या म्हणाली. "पाहुणा म्हणून."

आता मी मुलीच्या कपाटावर असतो. माझ्या कडा सुटू लागल्या आहेत. दुपारचं ऊन खळग्यात साचतं आणि मला पुन्हा कुणाचा तरी अंगठा टेकल्याचा भास होतो. मित्रांनो, घरातलं कुणी एखाद्या वस्तूपुढे चाचपडू लागलं, तर त्यांचं वय काढू नका. आधी ती वस्तू हातात घ्या, डोळे मिटा आणि तिच्यावरून सावकाश बोट फिरवून बघा.