शाबूत बोल्ट

बोल्ट अजून शाबूत होता... कोटाच्या खिशात चाचपताना लेम्पीला त्याचे आटे, त्याचं षटकोनी डोकं, सगळं धडधाकट लागत होतं, आणि तेच तर चुकलं होतं. तिथे मऊ पिन हवी होती, मोडण्यासाठीच केलेली. बर्फ उडवायच्या यंत्राच्या पात्यात गोठलेलं ढेकूळ अडकलं की पिन तुटते आणि गिअरपेटी वाचते. या हिवाळ्यात तिच्या नवऱ्याने, ऑनीने, पिनेच्या जागी पोलादी बोल्ट बसवला. का, ते त्याने सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्याचा डावा हात तसाच लुळा राहिलेला, आणि त्या थंडीत तेवढीशी पिन दर दोन दिवसांनी बदलायची म्हणजे... बोल्ट टिकला. गिअरपेटी फुटली.

"चोवीस इंच रुंद पात्याचं, आठ हॉर्सपॉवर. बत्तीस इंची, दहा," दुकानदार मिल्ट म्हणाला. "दोनच उरलीत, बाई. जानेवारीत येऊन कुणी निवड मागतं होय?"

तीस वर्षांपूर्वी, ती शाळेत शिकवायची तेव्हा, मिल्ट तिच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचा. लेम्पीने कागद काढला. सरोवरावरून येणारा ताजा बर्फ हलका, घनफुटाला पाच पौंड. पण रस्ता साफ करणारी गाडी सकाळी घराच्या तोंडाशी जो बांध लोटून जाते तो तीस पौंड, कधी त्याहूनही जड. यंत्राची खरी परीक्षा तिथे. आठला चोवीसने भागलं, दहाला बत्तीसने. इंचामागे ताकद धाकट्याचीच किंचित जास्त.

"बाई, अजून गणितच घालताय!" मिल्ट हसला. "नवऱ्याला विचारा की सरळ."

ऑनी बाहेर गाडीत होता, दुकानासमोर निसरडं होतं म्हणून. घरून निघतानाच त्याने बजावलं होतं, "बत्तीस. चोवीस म्हणजे खेळणं. ते घेऊन मी रस्त्याच्या तोंडाशी उभा राहणार नाही."

रस्त्याच्या तोंडाशी... मंगळवारची सकाळ पुन्हा आलीच. त्यांच्या गल्लीत प्रत्येकाने आपला बांध आपण फोडायचा. विधवेचा मात्र शेजारी फोडतो, न विचारता, आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. मंगळवारी शेजारच्या एल्मरने त्यांचा फोडला. ऑनी खिडकीत कॉफीचा कप घेऊन बसला होता. बांध संपेपर्यंत बघत राहिला, मग म्हणाला, "लेम्पी, मी गेलो कधी गं? मला कुणी कळवलंसुद्धा नाही."

ती हसली होती. तो हसला नव्हता. आणि दुपारी तिने — हात आपसूक चालतात, दुसरं काय — वेलची घातलेल्या पिठाची वेणी घालून पाव भाजला आणि गरम गरम एल्मरच्या पायरीवर नेऊन ठेवला. विधवा ठेवतात तसा. परत येताना, आपल्याच अंगणात, ते तिच्या ध्यानात आलं. खिडकीत ऑनी होताच.

"तर मग?" मिल्टने पेन्सिल कानामागून काढली. "दांड्याची उंची लावून देतो. चालवणार कोण?"

साधा प्रश्न. तिने उत्तरासाठी कागदाकडे पाहिलं, आयुष्यभर पाहत आली तसं. कोपराची उंची अडतीस इंच. अडकलेलं यंत्र मागे ओढायला लागणारा जोर, वळवायला लागणारा जोर, सगळं तिच्याच नेटक्या अक्षरात. अडतीस इंच. ऑनीचं कोपर तर बेचाळीसवर... तिने आकडे पुन्हा वाचले. एकही त्याचा नव्हता. इस्पितळात त्याच्या डाव्या मुठीची पकड मोजली होती, नऊ पौंड. तो आकडा तिला झोपेतही आठवायचा, पण कागदावर तो कुठेच नव्हता. काल जेवणाच्या टेबलावर, त्याच्या समोर बसून, तिने हे गणित मांडलं होतं, आणि त्याला त्यात धरलंच नव्हतं. ऑनीला गेलेला धरून एल्मरने निदान बांध तरी फोडला होता.

"बाई?"

बोल्टभोवती तिची मूठ वळली. काचेपलीकडे, गाडीच्या धुरकट खिडकीत, ऑनीने उजवा हात वर केला — तीन बोटं, मग दोन. तिला दिसलं नसेल असं वाटून की काय, पुन्हा एकदा. तीन. दोन.

तिनेही हात वर केला. पण बोटं किती उघडायची ते हाताला कळेना. तो तसाच अर्धवट मिटलेला काचेसमोर राहिला, आणि ऑनी, तिला कळलं असं समजून, समाधानाने मान हलवत होता. खिशातला बोल्ट आता तिच्या दुसऱ्या तळहाताइतकाच गरम झाला होता, आणि तिला तो सोडता येईना.